वन्संची चेष्टा

१० जानेवारी २०१६, रविवार. झाशी

दिल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की रोज लिहा. काय खाल्लं, किती चाललात, आणि मन काय म्हणतं तेही. मी म्हटलं, मन काय म्हणणार, भूक लागली म्हणतं. त्या हसल्या नाहीत. म्हणून माझ्या सरकारी दफ्तरात, म्हणजे कचेरीत, दर वर्षी मिळणारी डायरी या खेपेला कुणाला न देता स्वतःला ठेवली.

तर, वय एकोणपन्नास. उंची पाच फूट एक. वजन चौऱ्याऐंशी. पंचवीस एप्रिलला दिल्लीला पुन्हा तपासणी आहे, तोवर चौऱ्याहत्तर व्हायला हवं. झालं तर माझी एक किडनी श्रीकृष्णाला देता येईल. नाही झालं तर नाही. या वजनावर पोट उघडलं तर माझ्याच जिवाला धोका, असं त्या म्हणाल्या.

श्रीकृष्ण माझा धाकटा भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आठ महिने रजेवर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार चार तास त्याचं रक्त मशिनीतून धुऊन परत अंगात घालतात. त्याच्या बायकोचा, जानकीचा, रक्तगट जुळला नाही. माझं सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाल्या, 'बहुत भाग्य की बात है.' मी मान हलवली.

ध्येय कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावा, असाही त्यांचा हुकूम आहे. मी '७४' एवढं मोठं लिहून कपाटाच्या आरशावर चिकटवलं की आता आरशात मी अर्धीच दिसते. तेवढाच फायदा.

१२ जानेवारी

आज पहिला दिवस. सीपरीतलं रेल्वेचं मैदान, चार फेरे सांगितलेत. धुकं इतकं की पलीकडचा गोलपोस्ट दिसेना. दोन फेऱ्यांत दम लागला. पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नये, म्हणून परतले.

वाटेत श्रीकृष्णाचं घर. जानकी दारातच उभी होती. 'वन्सं, किती फेरे?' नणंदेला वन्सं म्हणण्याची आमच्याकडची जुनी रीत. तिकडे महाराष्ट्रात आता कुणी म्हणत नाही म्हणे. मी म्हटलं, 'चार.' का म्हटलं कुणास ठाऊक. चार सांगितले होते ना, तेच तोंडात बसलेले. उद्या सहा घालून भरपाई करीन.

१७ जानेवारी, रविवार

सहा काही झाले नाहीत. दोनच होतात.

जानकीने वजनकाटा आणलाय, तो तिच्या स्वयंपाकघरात असतो. दर रविवारी मी त्यावर उभं राहायचं, आकडा सांगायचा, आणि तिने एका वहीत टिपायचा, असं ठरलंय. आज त्र्याऐंशी पॉइंट सहा. तिला केवढा आनंद. 'वन्सं, असंच होईल धीरे धीरे.' मी म्हटलं, 'हळूहळू म्हण.' ती म्हणाली, 'हां जी, हळूहळू.'

ती चिरगावची, बुंदेली घरातली. लग्न होऊन आली तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत उभी राहून म्हणाली होती, 'मी मराठी शिकायची खूप चेष्टा करीन.' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण आपल्याकडे? खोलीभर हशा. सगळ्यांत मोठ्याने मी हसले असेन. मग तिला समजावलं, 'अगं, चेष्टा म्हणजे थट्टा, खिल्ली. प्रयत्न म्हण.' सोळा वर्षं झाली, तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. एकदा सांगितलं की पुरतं तिला. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी हिंदीतच बोलायची. लाजाळू आहे तशी.

मी सगळ्यांच्याच मराठीतल्या चुका काढते, हे खरं आहे. या गावात मूठभर घरं उरली आपली. मी नाही काढल्या तर कोण काढणार?

२९ जानेवारी, शुक्रवार

मशिनीवरून आला की श्रीकृष्ण बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. पाणी मोजून मिळतं. आज बर्फाचा खडा तोंडात धरून होता, लहानपणी पेपरमिंटची गोळी धरायचा तसा. मी उशाशी बसले. वाटलं, विचारेल, 'अक्का, कुठवर आलं?' विचारलं नाही. आठ महिन्यांत एकदाही त्याने मला 'देशील का' असं विचारलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं, तो गप्प होता. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते, नाहीतर ही डायरी कशाला?

मैदानाच्या फाटकाबाहेर कचोरीचं दुकान आहे. सकाळी सातला पहिला घाणा निघतो. आज एक फेरा झाला, आणि वास आला. कचोरीवाले भैया आता ओळखतात. 'आओ जिज्जी, बैठो,' म्हणून बाकडं पुसून देतात. आज मी पुन्हा बसले. हो, पुन्हा. हे चौथ्यांदा. दोन कचोऱ्या, वर आलूची भाजी.

जानकीला सांगितलं, 'चार फेरे.' ती म्हणाली, 'अच्छा.' रोज 'शाब्बास वन्सं' म्हणते, आज नुसतं 'अच्छा'. श्रीकृष्णाचा मशिनीचा दिवस, घाईत असेल.

कचोरी खाताना मला लाज वाटत नाही, खाऊन झाल्यावर वाटते. मग दिवसभर पुरते.

१४ फेब्रुवारी, रविवार

ब्याऐंशी पॉइंट सात. म्हणजे सगळंच काही वाया नाही.

मनाला जोर यावा म्हणून चालताना काहीतरी डोळ्यांपुढे आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी श्रीकृष्णाला आणलं, तीन वर्षांचा. नारायण बागेत त्याला कडेवर घेऊन मी सगळी बाग फिरायची, नऊ वर्षांची पोर. उतरायला तयार नसायचा, आणि मी कधी दमले नाही. हे आठवून दुसरा फेरा झाला.

तिसऱ्याला दुसरंच मनात आलं. समजा दिली एक. उरलेली बिघडली, तर मला कोण देणार? त्याला बायको आहे, बहीण आहे. मला कोण आहे?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२८ फेब्रुवारी, रविवार

ब्याऐंशी पॉइंट नऊ. वाढलं. बुटांचा दोष आहे, टाच चावते, त्याने पाय उचलत नाही. नवे घेतले पाहिजेत. मैदानही समतल नाही. हे लिहिताना आईचा आवाज ऐकू आला, नाचता येईना अंगण वाकडं.

जानकीने आकडा टिपला, वही मिटली आणि फ्रिजवर ठेवली. म्हणाली, 'वन्सं, तुम्हाला काही… काही वाटलं तर मला सांगा हं.' मी म्हटलं, 'काय वाटायचंय?' ती भाजी चिरायला बसली.

१३ मार्च, रविवार

आज फार वाईट झालं, आणि या खेपेला चूक माझी नाही.

वजनाला गेले. श्रीकृष्ण झोपला होता, जानकी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हटलं, आपणच टिपून ठेवू आकडा. फ्रिजवरची वही काढली. पहिल्याच पानावर वर मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: 'वन्संची चेष्टा'. आणि त्याखाली माझ्या वजनांची उतरंड, ८४, ८३.६, पुढे सगळं.

मी लगेच वही मिटली. पुढे वाचायला राहिलंय काय?

कुणी म्हणेल, तिला हिंदीतला अर्थ म्हणायचा असेल. मुळीच नाही. या शब्दाचा मराठीत काय अर्थ होतो हे तिला मीच शिकवलंय, भर खोलीत. ती विसरणारी नव्हे. सोळा वर्षांनी पुरता सूड उगवला. तोंडावर 'शाब्बास वन्सं' आणि पाठीमागे ही वही. श्रीकृष्णालाही दाखवत असेल, दोघं हसत असतील माझ्या वजनाला. मी पोट फाडून द्यायला निघालेय आणि यांना गंमत सुचते.

वजन न करताच निघाले. उद्यापासून मैदान बंद. माणसाला मान नसेल तिथे त्याने घाम कशाला गाळावा?

दुपारी जेवून आडवी झाले ती थेट पाचला उठले. इतकी शांत झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

२० मार्च, रविवार

गेले नाही. श्रीकृष्णाचा फोन आला. मी म्हटलं, 'दफ्तरात मार्चची कामं आहेत.' तो म्हणाला, 'बरं अक्का.' एवढंच.

आठवडाभर सकाळी पडून राहिले. मन हलकं आहे. कारण असलं की माणसाला बरं वाटतं.

२४ मार्च, धुळवड

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. शेजारणीने ताट भरून गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, पाठवल्या. मोजल्या नाहीत.

अकराच्या सुमारास जानकी आली. चिमूटभर गुलाल माझ्या पायांवर घातला, वाकून नमस्कार केला. सोबत डबा. उघडला तर आत गुजिया नाहीत, भाजलेले मखाणे. 'तुमच्यासाठी वेगळे केले, तूप नाही टाकलं.' बघा म्हणजे, सणाच्या दिवशीसुद्धा टोमणा. मी डबा घेतला, तिला बसही म्हटलं नाही. जाताना तिने ताटाकडे पाहिलं. ताटात दोनच उरल्या होत्या.

'तब्येत ठीक आहे ना वन्सं?'

'मला काय धाड भरलीय?' मी म्हटलं.

ती गेल्यावर उगीच बडबडले, खाई त्याला खवखवे. मी हे तिच्याबद्दल म्हणत होते की कुणाबद्दल, लक्षात येत नाही.

३ एप्रिल, रविवार

सकाळी श्रीकृष्णाला धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. जानकीने शेजाऱ्यांची गाडी काढून इस्पितळात नेलं आणि तिथून मला फोन केला, 'वन्सं, फाइल घरी राहिली, फ्रिजवर आहे, हिरवी. किल्ली शेजारी दिलीय.' तिचा आवाज बसलेला. एवढ्या गडबडीत वन्सं म्हणायला चुकली नाही.

हिरव्या फाइलीवर ती वही होती.

मी वाचली. उभ्यानेच. जसं आहे तसं उतरवून ठेवते, तिच्याच शब्दांत.

'१२ जनवरी. वन्सं चार फेरे. धुंध होती तरी गेल्या.'

'२० जनवरी. चार फेरे. वन्संचे पाय सुजले होते संध्याकाळी. बोलल्या नाहीत.'

'५ फरवरी. मी भाजी घ्यायला गेली. वन्सं कचोरीच्या दुकानावर बसल्या होत्या. मी दुसऱ्या गल्लीने आली, त्यांना वाईट नको वाटायला. त्या म्हणाल्या चार. मी चार लिहिले.'

त्यापुढे रोज 'चार', 'चार', 'चार'. एकाही दिवशी तिचा हात अडखळलेला नाही.

'२८ फरवरी. वन्संना डर वाटतो असेल. पोट कापायचं आहे. माझा ग्रुप नाही जुळला तेव्हा मी रडली, पण आतून थोडं बरं पण वाटलं होतं. ह्यांना हे सांगितलं नाही. वन्संना सांगणार होती, नाही जमलं.'

'१३ मार्च. वन्सं आल्या आणि न बोलता गेल्या. माझं काय चुकलं?'

त्यानंतर तारखा आहेत, पुढे काही नाही. रोजची तारीख मात्र टाकलेली आहे, आजचीसुद्धा.

फाइल घेऊन इस्पितळात पोचवली. जानकीकडे वर पाहवलं नाही. ती म्हणाली, 'दम खाऊन घ्या वन्सं, चालत आलात?' मी रिक्षाने आले होते. खरं तेच सांगितलं, 'रिक्षाने.' एवढं एक.

४ एप्रिल

आज दफ्तरात जाऊन एक ओळ काम केलं नाही.

मी पंचवीस वर्षं सरकारी हिंदीत पत्रं लिहिते. 'भरसक चेष्टा की गई' हे माझ्याच हाताने कितीदा लिहून वर पाठवलंय. मला दोन्ही अर्थ येतात. 'वन्संची चेष्टा' वाचलं तेव्हा, मिटायच्या आधी, पहिला अर्थ मनात आला तो हिंदीतलाच. वन्संचे कष्ट, वन्संची धडपड. तो आला होता. मी तो बाजूला केला आणि सोयीचा होता तो उचलला, कारण त्यात मला घरी बसता येत होतं. अपमान झाला म्हणून बसले असं नाही. बसायचं होतं म्हणून अपमान करून घेतला.

हे लिहायचं नव्हतं. पण हेच खरं आहे आणि मला फार लाज वाटते.

६ एप्रिल, बुधवार

श्रीकृष्णाला आज घरी सोडलं. संध्याकाळी दिवेलागणीला गेले. तो उशीला टेकून बसला होता, जानकी त्याची औषधं डबीत घालत होती. दोघांसमोरच सांगितलं. दोन फेरे, कचोऱ्या, खोटे चार, गुजिया, वही, शब्द. काही गाळलं नाही. बोलून झालं तेव्हा घसा कोरडा पडला होता, आणि त्या घरात पाणी मागायची सोय नाही, तो बघतो म्हणून.

जानकी म्हणाली, 'ती वही मी तुमच्यासाठी लिहीत होती. ऑपरेशन झाल्यावर देणार होती. वन्सं किती झटल्या ते.' मग हळूच, 'तो शब्द तुमच्यासमोर नाही बोलत मी. पण प्रयत्न लिहिलं की मला माझं लिहिलंय असं वाटत नाही.'

श्रीकृष्ण उशीवरून सरळ होऊन बसला. मग म्हणाला, 'अक्का, नाही म्हणायचं असेल तर म्हण. वजनाला कशाला म्हणायला लावतेस?'

मी म्हटलं, 'नाही म्हणायचं नाहीये मला.'

'मग?'

'भीती वाटते रे. फार.'

'मग भीती वाटते म्हण,' तो म्हणाला. 'मलाही वाटते. मी विचारलं नाही तुला, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणूच शकली नसतीस. आता विचारतो. देशील का? नाही म्हणालीस तरी तू माझी अक्काच राहशील, आणि उद्या इथेच चहाला येशील.'

तो खरोखर थांबला होता. मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी लगेच दिलं होतं, त्याचंच हे झालं. औषधांच्या डबीचं झाकण जानकीने लावलं, आणि मी म्हटलं, 'देईन. पण मला सोबत लागेल.'

तो रडला. मीही. जानकीने दोघांना एकच पदर पुरवला.

८ एप्रिल, गुढीपाडवा

डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला आणि खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते अधिक लागलं. आता तपासणी जुलैत. म्हणजे श्रीकृष्ण आणखी तीन महिने त्या मशिनीवर, पंचवीस-सव्वीस वेळा सुया. ते माझ्यामुळे. हे मी खोडणार नाही आणि विसरणारही नाही.

आरशावरचा '७४' काढला. तो त्यांचा आकडा होता. माझा आता एवढाच, उद्या जायचं, आणि जेवढं झालं तेवढंच सांगायचं.

१० एप्रिल, रविवार

साडेसहाला जानकी माझ्या दारात, पायात श्रीकृष्णाचे कारखान्याचे बूट, आत मोज्यांचे दोन जोड. कचोरीवाल्यांनी लांबूनच हाक मारली, 'जिज्जी, आओ.' जानकीने माझा हात धरला नाही, ओढलं नाही, नुसती चालत राहिली. मीही चालत राहिले. वास शेवटपर्यंत येत होता.

घरी येऊन काट्यावर चढले. त्र्याऐंशी पॉइंट आठ. तीन महिन्यांपूर्वी जिथून निघाले जवळजवळ तिथेच. श्रीकृष्ण पलंगावरून ऐकत होता.

जानकीने वही उघडली, तीच, तोच मथळा. 'वन्सं, किती फेरे?'

ती माझ्या शेजारी चालत होती. तिला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, आणि पेन धरून वाट पाहत राहिली.

'दीड,' मी म्हटलं.

तिने मान खाली घालून नीट अक्षरांत लिहिलं, 'वन्सं डेढ फेरे', आणि पूर्वीच्या सवयीने वही माझ्यापुढे धरून विचारलं, 'बरोबर आहे?'

मी म्हटलं, 'अगदी बरोबर आहे.'